एका हाताने कुस्ती शिकता येते का?

प्रश्न असा आला आहे: "माझा भाचा १२ वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्याचा डावा हात कोपराखाली तुटला. वडील दारूपायी गेले, आई ऊसतोडीला जाते, आता तो माझ्याकडे राहतो. शाळेत मुले त्याला थोटा म्हणतात. 'मामा, मला तालमीत घाला' असा त्याने हट्ट धरला आहे. घरातल्या सगळ्यांचा विरोध आहे. घालावे का? आणि घातले तर पुढे काय?"

घालावे. मी २६ वर्षे कुस्ती आणि ज्युदो शिकवत आहे आणि त्यांपैकी गेली १४ वर्षे माझ्या वर्गात अपंग मुले इतर मुलांबरोबरच सराव करतात, त्या अनुभवावरून हे उत्तर देतो. मात्र तालमीत घालणे म्हणजे वस्तादाच्या स्वाधीन करून मोकळे होणे असा अर्थ घेऊ नये. या मुलाच्या बाबतीत पहिल्या वर्षी घरच्या माणसाने काय पाहायचे आणि शिकवणाऱ्याने काय करायचे, हे ठरलेले असेल तरच मी होकार देईन, म्हणून उत्तर थोडे लांबवतो.

आधी डॉक्टर. हात तुटला तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता, म्हणजे त्याची हाडे अजून वाढत आहेत. मोठ्या माणसाची जखम एकदा भरली की बहुधा विषय संपतो. वाढत्या मुलाच्या बाबतीत मात्र तुटलेल्या टोकाला हाड पुन्हा वाढू शकते आणि ते आतून कातडीला टोचू लागते. बाहेरून फक्त थोडी लाली दिसते, मुलगा काही बोलत नाही आणि सरावात तेच टोक जमिनीवर आपटले की जखम होते. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक क्ष-किरण चित्र काढून घ्यावे आणि वाढीचे वय संपेपर्यंत अधूनमधून तपासत राहावे. नसलेला हात दुखतो किंवा नसलेल्या बोटांना मुंग्या येतात, असे त्याला कधी होते का, हेही त्याला एकांतात विचारावे. असे होणे वैद्यकशास्त्राला पूर्ण माहीत आहे. पण आपल्याला वेडा म्हणतील या भीतीने मुले ते वर्षानुवर्षे लपवतात. एका हाताने सगळी कामे करणाऱ्या मुलाचा खांदा आणि पाठीचा कणा एका बाजूला झुकू लागतो, तेव्हा शर्ट काढून पाठीमागून त्याची उभे राहण्याची ढब कोणीतरी जाणकाराने पाहायला हवी. तालमीत हे बिघडूही शकते आणि सुधारूही शकते, कारण उजव्या हातावर सगळा भार टाकून जोर मारले तर वाकडेपणा वाढतो, आणि डाव्या कोपराखाली योग्य उंचीचा, वर जाड कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा ठेवून दोन्ही खांद्यांवर सारखा भार येईल असे जोर मारले तर पाठ सरळ राहायला मदत होते. हा ठोकळा कोणताही सुतार करून देईल. मुलगा उंच झाला की तो बदलायचा, एवढे लक्षात ठेवावे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. घरच्यांचा विरोध आहे तो पडण्याच्या भीतीने, आणि ती भीती रास्त आहे. तोल गेला की माणूस हात पुढे टाकतो. हे शिकवावे लागत नाही, ते अंगातच असते. आपला भाचा डावीकडे पडेल तेव्हा त्याचे अंग असाच हात पुढे टाकील, पण तो हात जमिनीपर्यंत पोहोचणार नाही आणि सगळा भार कोपरावर, तेथून खांद्यावर आणि हासळीवर, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडावर, येईल. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलाची हासळी पहिल्याच महिन्यात मोडली. त्याला मी इतर मुलांसारखेच उभ्याने पडायला लावले होते, ही माझी चूक होती. तेव्हापासून मी क्रम बदलला. पहिले दोन आठवडे मुलगा गादीवर उकिडवा बसतो, हनुवटी छातीला टेकवतो, नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवतो आणि पाठीची कमान करून मागे लोळतो. त्यानंतर डाव्या बाजूला लोळणे येते. त्या वेळी मी त्याच्या डाव्या कोपराला एक ओढणी बांधून ती त्याच्याच पोटावरून घेतो आणि तिचे टोक उजव्या मुठीत देतो. पडताना कोपर बाहेर जाऊ लागले की त्याच्याच मुठीला ओढ जाणवते, आणि कोपर अंगाशी ठेवून खांद्याच्या मागच्या मांसल भागावरून गोल फिरायचे असते हे तो सांगण्यावाचून शिकतो. साधारण सहा आठवड्यांनी ओढणी सुटते. मग गुडघ्यावरून, मग उभ्याने आणि शेवटी दुसऱ्याने ढकलल्यावर पडणे शिकवतो. तोपर्यंत एकही डाव शिकवायचा नाही. ज्युदोत या पडण्याच्या अभ्यासाला उकेमी म्हणतात. ज्युदोचे जनक जिगोरो कानो स्वतः लहान चणीचे होते आणि शाळेत दांडग्या मुलांचा त्रास सोसूनच ते जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजविद्येकडे वळले. १८८२ मध्ये त्यांनी टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली. आपल्या तालमीत पडण्याचे असे वेगळे शिक्षण देण्याची पद्धत नाही, मऊ मातीच बरेचसे सांभाळून घेते. पण या मुलासाठी मी माती आणि गादी यांत गादीपासून सुरुवात करीन.

पडणे आले की डाव कसे बांधायचे हा प्रश्न उभा राहतो, आणि याच ठिकाणी बहुतेक शिक्षक चुकतात. दोन हातांच्या मुलासाठी बसवलेला डाव ते एका हाताच्या मुलाला शिकवतात, जे जमत नाही ते सोडून देतात आणि उरते त्याला त्याची कुस्ती म्हणतात. हे उलटे व्हायला हवे, आणि ते कसे याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेतील अँथनी रोबल्स यांचे आहे. १९८८ मध्ये जन्मलेल्या या मल्लाला जन्मतः उजवा पाय नव्हता. आई त्याच्या जन्मावेळी १६ वर्षांची होती. बसवून दिलेला कृत्रिम पाय त्याने तीन वर्षांचा असतानाच काढून टाकला आणि पुन्हा घातला नाही. ॲरिझोनातील मेसा या गावी शाळेत असताना त्याने कुस्ती सुरू केली, आणि सुरुवातीला तो गावातल्या स्पर्धेत शेवटचा आला. दोन पायांच्या मुलांसारखे उभे राहून लढण्याचा प्रयत्न सुटला तेव्हा त्याची कुस्ती सुरू झाली. तो खालीच बसला, गुडघा आणि दोन्ही हात गादीवर टेकवून. पट काढायला प्रतिस्पर्ध्याला त्याचा एकच पाय शिल्लक होता आणि तो पाय मागे, अंगाखाली. त्याच्याशी भिडायचे तर समोरच्याला आपली उंची सोडून खाली वाकावे लागे. आयुष्यभर कुबड्यांवर चालल्यामुळे त्याच्या मुठीची आणि खांद्यांची ताकद विलक्षण होती. एकदा मनगट हाती लागले की तो प्रतिस्पर्ध्याला कलता करून पाठ दाखवायला लावी आणि गुणांमागून गुण घेई. शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत तो ९६ कुस्त्या लढला आणि एकही हरला नाही. २०११ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाकडून त्याने १२५ पौंड गटात, म्हणजे सुमारे ५७ किलोत, अमेरिकेतील महाविद्यालयीन राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. अंतिम कुस्ती त्याने ७-१ अशी जिंकली आणि त्या हंगामात ३६ पैकी ३६ लढती जिंकल्या. याच वर्षांत घरी सावत्र वडील निघून गेले, राहते घर कर्जापायी गेले आणि आईने रक्त विकून घर चालवले.

रोबल्सला एक पाय नसण्याचा फायदाच मिळाला, असे तेव्हा काहींनी म्हटले. त्यात तथ्य आहे, पण ते आपल्या भाच्याला लागू पडत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. संपूर्ण पाय म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे सहावा भाग असतो. तो नसल्यामुळे रोबल्सच्या वजनगटात त्याच्याइतक्या रुंद खांद्यांचा मल्ल दुसरा नसे. कोपराखालचा हात आणि पंजा मिळून वजनाच्या जेमतेम दोन टक्के भरतात, तेव्हा वजनाचा लाभ आपल्या मुलाला मिळणार नाही आणि पकड मात्र अर्धी जाणार. मग त्याच्याजवळ काय आहे ते पाहू. त्याचे डावे मनगट कोणालाही धरता येणार नाही, आणि मनगट धरण्यापासून सुरू होणारे निम्मे डाव समोरच्याला त्या बाजूने लावताच येणार नाहीत. आखूड हात बगलेत चटकन शिरतो आणि आत गेला की काढून टाकायला अवघड असतो, म्हणून डाव्या बाजूने बगलेत शिरून पाठीवर जाणे हा त्याचा पाया व्हावा. दोन्ही पंजे गुंफून कवळ घालणे त्याला जमणार नाही. परंतु उजव्या पंजाने स्वतःचेच डावे कोपर धरून केलेली कवळ, खांद्यात बळ असेल तर, चांगली आवळते. कोपर शाबूत आहे ही मोठी गोष्ट आहे. कोपराच्या बेचक्यात मान किंवा दंड दाबून धरायला पंजा लागत नाही. पायांचे डाव, टांग आणि ढाक, यांवर मी पहिली तीन वर्षे सर्वांत जास्त घाम गाळीन, कारण तेथे तो इतरांच्या बरोबरीचा आहे.

कृत्रिम हात बसवला असेल तर तो सरावाला काढून ठेवावा आणि उरलेल्या भागावर शिवण आतून टोचणार नाही अशी मऊ, घट्ट बाही चढवावी. सराव झाला की तो भाग साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. तालमीत गजकर्ण एकाचे दुसऱ्याला लागते आणि या नाजूक कातडीवर ते चिवटपणे टिकते.

पुढे काय, या आपल्या प्रश्नाचे उत्तर देताना मला थोडे निराश करावे लागेल. पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये, कुस्ती नाही. मुष्टियुद्धही नाही. ज्युदो आहे, पण तो केवळ दृष्टिबाधितांसाठी. मध्य प्रदेशातील सिहोरचे कपिल परमार यांनी ५ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याच ज्युदोत ६० किलो गटाचे कांस्यपदक घेतले. लहानपणी शेतातल्या पाण्याच्या मोटारीचा धक्का बसून त्यांची दृष्टी गेली, वडील टॅक्सी चालवत आणि ते स्वतः भावाबरोबर चहाची टपरी चालवत. कांस्यपदकाची लढत त्यांनी ३३ सेकंदांत संपवली. कर्णबधिर खेळाडूंची वाट पुन्हा वेगळी आहे. हरियाणातील सासरोलीचे मल्ल वीरेंद्र सिंग यांनी कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीची तीन सुवर्णपदके जिंकली. तरीही २०२१ मध्ये पद्मश्री स्वीकारल्यानंतर, पॅरा खेळाडूंइतकेच बक्षीस आम्हालाही द्या म्हणून त्यांना ते पदक घेऊन दिल्लीत हरियाणा भवनाबाहेरच्या पदपथावर बसावे लागले. कोणत्या अपंगत्वाला कोणता खेळ आणि कोणता खेळ कोणत्या यंत्रणेच्या हिशेबात, हे पालकांनी आधी समजून घेतले नाही तर मुलाची पाच-सहा वर्षे चुकीच्या दारात उभे राहण्यात जातात.

आपल्या भाच्यासाठी उघडे असलेले दार पॅरा तायक्वांदोचे, म्हणजे लाथांच्या कोरियन खेळाच्या अपंगांसाठीच्या प्रकाराचे, आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकपासून हा खेळ आला, आणि मुख्यतः हाताचे अपंगत्व असलेल्यांसाठी त्यात के-४४ हा गट आहे. गुण मिळतात ते छातीच्या संरक्षक कवचावर मारलेल्या लाथांना: साधी लाथ दोन, वळून मारलेली तीन, पूर्ण गिरकी घेऊन मारलेली चार. ठोशाला गुण नाहीत आणि डोक्यावर लाथ मारण्यास मनाई आहे. घरच्यांना हे जरूर सांगावे. हरियाणातील भिवानी जिल्ह्याच्या अरुणा तन्वर या खेळात पॅरालिम्पिकला उतरलेल्या पहिल्या भारतीय. त्यांचे वडील कारखान्याची गाडी चालवत. अफगाणिस्तानातील हेरातची झाकिया खुदादादी हिचा एक हात जन्मतःच अपुरा आहे. २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले तेव्हा ती तेथेच अडकली होती, बाहेर काढल्यावर टोकियोत खेळली, आणि २०२४ मध्ये पॅरिसला तिने निर्वासितांच्या पॅरालिम्पिक संघाला त्याचे पहिले पदक मिळवून दिले. म्हणून माझा सल्ला असा की पहिली दोन-तीन वर्षे कुस्ती आणि ज्युदो यांवर अंग घडू द्यावे, पंधराच्या सुमारास तायक्वांदो सुरू करावा आणि पुढे कोणते धरायचे ते त्याला ठरवू द्यावे. साध्या गटात कुस्तीच खेळायची असे त्याने ठरवले तरी मी त्याला अडवणार नाही. खेळ बदलावा लागला म्हणून आधीची मेहनत वाया जात नाही, हे आपल्याकडे पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवले आहे. लष्करात मुष्टियुद्ध खेळणाऱ्या या जवानाला १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखाली अपंगत्व आले. त्यांनी पोहणे धरले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गला भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकले.

आता हाताबद्दल बोलणे पुरे. आपल्या पत्रात हाताइतकीच मोठी दुसरी गोष्ट आहे, आणि ती आपण एका ओळीत संपवली आहे: वडील गेले, आई तोडणीला. कोयत्यावर गेलेल्या आईवडिलांची मुले मी खूप पाहिली आहेत. दिवाळीच्या आसपास ती यायची बंद होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा दारात उभी राहतात, मधल्या काळात अंगावरचे सगळे मांस उतरलेले असते. या मुलाला आपण स्वतःजवळ ठेवले आहे, ते तसेच ठेवावे. हंगामात "आईबरोबर जाऊ दे थोडे दिवस" म्हणून पाठवू नये. अशा मुलाला तालीम जे देते ते डावपेचांच्या आधीचे असते. ठरलेल्या वेळी दार उघडे असते, आपण आलो नाही तर कोणीतरी नाव घेऊन विचारते, आणि काल जे जमले नाही ते आज जमले हे त्याला स्वतःच्या अंगात कळते. दारूड्याच्या घरात वाढलेल्या मुलाला उद्या काय होईल याचा भरवसा कधी मिळालेला नसतो, त्यामुळे अशा मुलाच्या बाबतीत मी स्वतः वेळ पाळण्याला तंत्राहून अधिक महत्त्व देतो. खुराकाचा बाऊ करू नये. बदाम आणि थंडाई परवडत नसेल तर भिजवलेले शेंगदाणे आणि गूळ, मोड आलेली मटकी, दूध आणि चालत असतील तर दोन अंडी, एवढ्यावर बारा वर्षांचे अंग चांगले भरते. उपाशीपोटी मात्र त्याला सरावाला पाठवू नये.

छडीने शिकवणाऱ्याकडे हा मुलगा देऊ नये, तो वस्ताद कितीही नामवंत असो. घरात मार पाहिलेले मूल हात उगारताच थिजते, आणि थिजलेले अंग चुकीचे पडते, हाडे मोडतात. कुस्ती हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे, म्हणून कोणता स्पर्श डावाचा आणि कोणता नाही, नको असेल तेव्हा गादीवर दोनदा थाप मारली की समोरच्याने तत्काळ सोडायचे, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगणारा शिक्षक शोधावा. सराव चालू असताना पालकाला केव्हाही येऊन बसता आले पाहिजे. निवासी तालमीत निदान १५ वर्षांपर्यंत ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

एक प्रसंग सांगतो, कारण आपल्या गावातही तो घडू शकतो. पोलिओने एक पाय बारीक झालेला १४ वर्षांचा मुलगा माझ्याकडे होता. एका जत्रेच्या मैदानात मी त्याची कुस्ती जोडली. ध्वनिक्षेपकावरून "अपंग मल्ल, टाळ्या वाजवा" अशी घोषणा झाली, लोकांनी कुस्ती लागण्याआधीच नोटा द्यायला सुरुवात केली, आणि समोरच्या धट्ट्याकट्ट्या मुलाने अर्ध्या मिनिटात स्वतःहून पाठ टेकवली. लोक खूष झाले. माझा मुलगा नोटा न उचलता मातीतून बाहेर आला, कपडे चढवले आणि महिनाभर तालमीत फिरकला नाही. मी घरी गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मला पाडलं असतं तरी चाललं असतं." तेव्हापासून कोणत्याही मुलाच्या कुस्तीआधी त्याच्या शरीराची घोषणा होऊ देत नाही, आणि पहिले पूर्ण वर्ष मैदान दाखवत नाही. तालमीतल्या मुलांनाही माझी ताकीद असते की त्याच्याशी सैल पकडीने खेळायचे नाही. भाचा शाळेत ऐकतो तो शब्द तालमीतही एखाद्या वेळी ऐकेल. तो शब्द उच्चारणाऱ्याला मी त्याच मुलाबरोबर आठवडाभर जोडीला लावतो, आणि आजवर दुसरा उपाय करावा लागलेला नाही.

कागदपत्रांपैकी अपंगांसाठीचे वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी, अजून काढले नसेल तर लगेच अर्ज करावा. शिष्यवृत्ती असो वा प्रवासाची सवलत, पहिल्यांदा तेच मागतात. शाळा सुटू देऊ नये. हरवलेला अभ्यास भरून काढणे एक हात असलेल्या माणसाला दोन हात असलेल्यापेक्षा महाग पडते, कारण अंगमेहनतीची बरीच कामे त्याला कोणी देत नाही.

आणि त्याची आई तोडणीवरून परतली की तिला एकदा सरावाच्या वेळी घेऊन या. भिंतीशी सतरंजीवर बसवा आणि तिच्यासमोर त्याला डाव्या बाजूला वीस वेळा पडू द्या. पहिल्या तीन-चार वेळा ती उठून उभी राहील, तिला बसायला सांगू नका. मुलगा दरवेळी स्वतः उठून पुन्हा जागेवर जातो हे तिने पाहिले की विसाव्या वेळेपर्यंत बहुधा ती मोजायला लागलेली असते.